छडी नसलेली शाळा : ताराबाई मोडक

मूल बालवर्गात जाऊ लागले की महिन्या-दोन महिन्यांत घरी एक तक्रार येतेच. अमका ढकलतो, तमकी डब्यातला खाऊ काढून घेते, सगळे मिळून एकाला वाईट नावाने चिडवतात. कधी तक्रार आपल्या मुलाची असते, कधी आपल्या मुलाबद्दल असते, आणि ही दुसरी वेळ जास्त अवघड. अशा वेळी घरातली वडीलधारी माणसे बहुधा दोनच उपाय सुचवतात. एक तर आपणही उलट मारावे, नाही तर बाईंना सांगावे, म्हणजे त्या त्याला मारतील. नीट पाहिले तर दोन्ही उपायांत मार आहेच, फक्त मारणारा हात बदलतो.

मारल्यावाचून, दटावल्यावाचून आणि बक्षिसाचे आमिष दाखवल्यावाचून लहान मुलांना एकमेकांशी नीट वागायला शिकवता येते का, या एका प्रश्नामागे एक मराठी बाई पन्नास वर्षे चालत राहिल्या. त्या म्हणजे ताराबाई मोडक. महाराष्ट्रात त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण या कामाची दीक्षा त्यांना मिळाली ती गुजरातेत, गुजराती भाषेत आणि एका गुजराती माणसाच्या सोबतीने. बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांना म्हणूनच हे चरित्र जवळचे वाटायला हरकत नाही.

मुंबई ते राजकोट

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई ही दोघेही प्रार्थना समाजाच्या वातावरणातली. मुलींनी शिकावे हे या घरात वेगळे सांगावे लागत नसे. बाहेरच्या जगात मात्र तेव्हा मुलीचे शिक्षण चार इयत्तांवर थांबत होते. 1914 साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला. हा संसार फार काळ टिकला नाही. एक लहान मुलगी पदरी आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची गरज, अशा स्थितीत 1921 च्या सुमारास त्या राजकोटला आल्या.

राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिका तयार होत. त्या संस्थेच्या पहिल्या भारतीय प्राचार्य म्हणून ताराबाईंची नेमणूक झाली. पगार चांगला, राहण्याची सोय चांगली आणि मान मोठा. एकट्या बाईला त्या काळात याहून सुरक्षित जागा मिळणे कठीण होते. पण शिक्षिकांना शिकवता शिकवता मूल कसे शिकते हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. स्वतःच्या मुलीला कोणत्या शाळेत घालावे हा प्रश्नही त्याच्या शेजारीच होता. त्या वेळच्या प्राथमिक शाळेत घोकंपट्टी आणि छडी या दोनच गोष्टींचा भरवसा असे. त्यातून मूल पाढे शिके खरे, पण त्याबरोबर आणखी एक धडा न सांगता शिके. ज्याच्या हातात छडी तो खरा, हा तो धडा.

भावनगरची टेकडी

भावनगरला नानाभाई भट्ट यांनी 1910 मध्ये दक्षिणामूर्ती ही संस्था सुरू केली होती. 1916 साली गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली सोडून तिथे दाखल झाले. मारिया मॉन्टेसरी या इटालियन डॉक्टर बाईंचे विचार त्यांनी वाचले होते. आपल्या मुलाच्या निमित्ताने शाळेकडे पाहू लागलेले गिजुभाई पुढे शेकडो मुलांचे झाले. 1920 मध्ये त्यांनी दक्षिणामूर्तीचे बालमंदिर काढले. मुलांवरच्या त्यांच्या मायेमुळे गुजरातेत त्यांना मिश्यांवाली आई म्हणत.

ताराबाईंनी या बालमंदिराची ख्याती ऐकली, ते पाहिले आणि 1923 साली राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्या भावनगरला आल्या. प्रतिष्ठेच्या आणि पगाराच्या हिशेबाने हा निर्णय उलट्या दिशेचा होता. कॉलेजच्या प्राचार्यांनी अडीच-तीन वर्षांच्या मुलांमध्ये जमिनीवर येऊन बसावे, हे तेव्हा कुणालाही पटण्यासारखे नव्हते. बालशिक्षण हे काम म्हणूनच तेव्हा कुणी मोजत नव्हते.

दक्षिणामूर्तीचे बालमंदिर बाहेरून आलेल्या माणसाला गोंधळात टाकी. तिथे मार नव्हता, तसे बक्षीसही नव्हते. पहिला नंबर नव्हता, परीक्षा नव्हती. शिक्षक खुर्चीवर बसून गप्प राहायला सांगत नसत. मुले आपापल्या आवडीचे काम निवडत, गोष्टी ऐकत, नाटके करत, बागेत फिरत, माती कालवत.

या पद्धतीतल्या काही साध्या गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत. पहिली गोष्ट साधनांची. मॉन्टेसरी वर्गात प्रत्येक साधन एकच ठेवतात. मनोऱ्याचे ठोकळे एका मुलाकडे असतील तर दुसऱ्याला थांबावे लागते. पहिल्याने काम संपवून ठोकळे जागेवर ठेवले की मगच दुसऱ्याची पाळी. दोन संच विकत घेण्याइतके पैसे नाहीत म्हणून हे केलेले नसते. वाट पाहणे, दुसऱ्याच्या कामाला धक्का न लावणे हा त्यातला रोजचा अभ्यास असतो. हिसकावून घेणाऱ्या मुलाला इथे कुणी फटका मारत नाही. त्याला शांतपणे बाजूला नेऊन दुसरे काम दाखवले जाते आणि हिसकावलेली वस्तू ज्याची त्याला परत मिळते. म्हणजे हिसकावणाऱ्याचा अपमान होत नाही आणि ज्याचे गेले त्याच्यावर अन्यायही होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे सोपे नाही. शिक्षकाची कसोटी तिथेच लागते.

दुसरी गोष्ट वयाची. अडीच वर्षांचे आणि सहा वर्षांचे मूल एकाच वर्गात असते. मोठ्यांनी धाकट्यांना चपलेचा बंद लावून द्यावा, सांडलेले पाणी पुसायला मदत करावी, हे तिथे रोज घडते. मोठ्या मुलाला आपली ताकद वापरायला एक चांगली जागा मिळते. बळ असलेल्या मुलाला काम मिळाले नाही की तेच बळ दुसऱ्याला ढकलण्यात खर्ची पडते, हे प्रत्येक घरातल्या आजीला ठाऊक असते.

तिसरी गोष्ट शांतीच्या खेळाची. सगळ्यांनी काही वेळ अगदी निश्चल बसायचे, बाहेरच्या पाखरांचा, वाऱ्याचा, घड्याळाचा आवाज ऐकायचा आणि मग अगदी हळू आवाजात आपले नाव पुकारले की पाऊल न वाजवता उठायचे. दटावून मिळालेली शांतता आणि मुलांनी मिळून तयार केलेली शांतता यांतला फरक मुलाला अंगाने कळतो. एक जण जरी हलला तरी सगळ्यांची शांतता मोडते, म्हणून प्रत्येक जण सगळ्यांसाठी स्वतःला सांभाळतो.

चौथी गोष्ट बक्षिसाची. मार बंद करा म्हटले तर पुष्कळांना पटते, बक्षीस बंद करा म्हटले की पटत नाही. पण एकाला बक्षीस मिळाले की बाकीचे हरलेले ठरतात. हरलेल्यांपैकी कुणी जिंकलेल्याचा हेवा करते, कुणी आपल्याहून दुबळ्या मुलावर राग काढते. चिडवाचिडवीचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते. म्हणून दक्षिणामूर्तीत दोन्ही बाद होते.

1926 साली गिजुभाई आणि ताराबाई यांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिका हे मासिक त्यांनी गुजरातीत चालवले आणि 1933 पासून तिची मराठी आवृत्तीही निघू लागली. मराठी मातृभाषेच्या ताराबाई गुजरातीत लिहू-बोलू लागल्या, गुजरातीतला अनुभव मराठीत आणू लागल्या. दोन भाषांच्या मध्ये उभे राहून काम करणे म्हणजे काय, हे बडोदेकर मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

दादरचे शिशुविहार

1936 च्या सुमारास ताराबाई मुंबईला परतल्या आणि दादरला शिशुविहारच्या कामात पडल्या. इथे बालमंदिराबरोबर शिक्षिका तयार करण्याचे अध्यापन मंदिरही चालले. भावनगरला जे शिकल्या ते आता मराठी मध्यमवर्गीय घरांपुढे मांडायचे होते. त्यांची पुस्तके याच विषयांभोवती फिरतात. बालविकास व शिस्त, बालकांचा हट्ट, बिचारी बालके ही नावेच पाहावीत. मुलाचा हट्ट हा मोडून काढायचा शत्रू न मानता समजून घ्यायची गोष्ट मानणे, हे त्या काळच्या घरांना नवे होते.

तेव्हाच्या घरांत मुलावर प्रेम नव्हते असे नाही. पण प्रेम आणि मार एकाच हाताने मिळत. लाड आजीने करायचे, धाक वडिलांनी ठेवायचा, अशी वाटणी असे. ताराबाईंची शिकवण या वाटणीलाच हात घालणारी होती. घरात बापाचा हात उठतो, बाप बाहेर गेल्यावर थोरल्या भावाचा उठतो, थोरला शाळेत गेला की मधला धाकट्याला मारतो आणि धाकटा मांजराची शेपटी ओढतो. ही साखळी तोडायची तर वरच्या कडीपासून सुरुवात करावी लागते. खालच्या कडीला दयाबुद्धीची गोष्ट सांगून भागत नाही. त्यामुळे त्यांच्या कामात मुलांइतकेच, किंबहुना जास्तच, पालकांचे शिक्षण होते.

बोर्डी : वर्गातून अंगणात

इथवरच्या कामाला एक मर्यादा होती आणि ती ताराबाईंना दिसत होती. बालमंदिरात येणारी मुले बहुतेक खाऊन-पिऊन सुखी घरांतली. साधने महाग, लाकडाची, कारागिराकडून करून घेतलेली. मुलाशी मायेने वागावे हे तत्त्व खरे असेल, तर ते फी भरणाऱ्या मुलापुरतेच कसे थांबेल?

1945 साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. आचार्य भिसे यांच्यासारखी शिक्षणासाठी झटणारी माणसे त्या गावात आधीपासून होती. त्याच वर्षी तिथल्या शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई 1910 च्या जन्मलेल्या, तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या, पुढे जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. त्या आल्या आणि 1992 मध्ये डोळे मिटेपर्यंत या कामातून हलल्या नाहीत.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण हरिजन वस्तीतली मुले तिथे येईनात. वस्ती लांब, आई-बाप दिवसभर कामावर, आणि गावच्या शाळेत आपले मूल कुणाशेजारी बसेल, कोण काय म्हणेल ही पिढ्यान्‌पिढ्यांची भीती. मुलाला नावाने चिडवणे वेगळे आणि मुलाच्या जातीवरून त्याला लांब बसवणे वेगळे, असे आपण समजतो. मुलाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्हींत दुखणे तेच आहे. फरक एवढाच की दुसऱ्या प्रकारात चिडवणारे सगळे गाव असते आणि तक्रार करायला बाईसुद्धा उरत नाहीत.

ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, आई-बापांनाही नाही. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी मुलांकडे जाईल, असे ठरले. कार्यकर्त्या वस्तीत जाऊ लागल्या आणि घरापुढच्या अंगणातच मुले गोळा करू लागल्या. आधी मुलांना न्हाऊ घालायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. जी मुले शिवून घ्यायची नाहीत असे गाव मानत होते, त्यांना रोज सकाळी हाताने न्हाऊ घालणे हा समतेचा केवढा मोठा पाठ होता, हे वेगळे सांगायला नको. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. आज देशभर रुळलेला हा शब्द आणि ही कल्पना या वस्तीतून आली.

साधनेही बदलली. इटलीच्या लाकडी ठोकळ्यांची जागा शंख-शिंपल्यांनी, बियांनी, पानाफुलांनी, काटक्यांनी आणि गोट्यांनी घेतली. समुद्राने आणि झाडांनी जे फुकट दिले ते मोजायचे, रंगांनुसार लावायचे, लहान-मोठे ओळखायचे. त्यामुळे खर्च वाचला, पण तेवढेच झाले नाही. आपल्या परिसरातली वस्तू शाळेत मानाने ठेवली जाते हे पाहून मुलाला स्वतःच्या घराची लाज वाटेनाशी होते. ज्या मुलाला स्वतःची लाज वाटत नाही त्याला चिडवणे अवघड जाते.

कोसबाड : भ्यायलेली मुले

1957 मध्ये केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलखात हलले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. या मुलखाची कहाणी आधी समजून घ्यायला हवी. डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागात जमीनदार आणि सावकार वारल्यांकडून वेठबिगारी करून घेत. मारझोड नित्याची होती. 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले आणि वेठबिगारीचा जाच मोडला. पण कायद्याने आणि लढ्याने जुलूम थांबला तरी मनातली भीती पुढच्या पिढीत उतरलेली असते. परके, स्वच्छ कपड्यांतले माणूस दिसले की पाड्यावरची मुले पळून जात.

अशा मुलांना शाळेत आणायचे कसे? पकडून आणणे हा जुलमाचाच दुसरा प्रकार झाला असता. शिवाय सात-आठ वर्षांचे वारली मूल रिकामे नव्हते. कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन सांभाळी, कुणी गुरे राखी. ताराबाई आणि अनुताईंनी शाळेची वेळ आणि जागा मुलांच्या कामाभोवती बसवली. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. त्याला विकासवाडी म्हणत. बहिणीने भावाला कडेवर आणावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः शेजारच्या वर्गात बसावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले. गुरे चरत असताना झाडाखाली भरणारी ती कुरणशाळा. दिवसभर कामात असणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते.

हे सगळे शिक्षणशास्त्रातले प्रयोग म्हणून नावाजले गेले आणि ते खरेच आहे. पण त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट अगदी साधी होती. मुलाची अडचण आधी ऐकायची आणि मग त्याला काही सांगायचे. दया म्हणजे वरून खाली टाकलेली मदत असे आपण समजतो. ताराबाईंच्या कामात दया म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाऊन बसणे. आधी त्या भावनगरला जमिनीवर बसल्या, मग बोर्डीला अंगणात आणि शेवटी कोसबाडच्या कुरणात.

भारत सरकारने 1962 साली त्यांना पद्मभूषण दिले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना 33 ठिकाणी सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. शाळेत मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे हे शिक्षण हक्काच्या कायद्याने बेकायदा ठरले, आणि तो कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. भावनगरच्या बालमंदिराने छडी टाकून दिली त्याला तेव्हा नव्वद वर्षे होत आली होती.

आपल्या घरासाठी

कायदा आला, पण कायदा शाळेच्या फाटकापाशी थांबतो. घरात, सोसायटीच्या आवारात, मंडळाच्या उत्सवात मुले एकमेकांशी कशी वागतात हे आपल्याच हाती आहे. आपली मुले घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलतात. उच्चारावरून, आडनावावरून, डब्यातल्या भाजीवरून चिडवले जाणे त्यांच्या वाट्याला येते, आणि कधी कधी त्यांच्याकडून ते दुसऱ्याच्या वाट्यालाही जाते. ताराबाईंच्या चरित्रातून अशा वेळी उपयोगी पडतील अशा चार गोष्टी उचलता येतात.

मारणाऱ्या मुलाला मारून न मारणे शिकवता येत नाही. त्याचा हात धरावा, त्याला बाजूला घ्यावे, पण सगळ्यांसमोर त्याची शोभा करू नये. ज्याला लागले त्याच्याकडे आधी जावे, कारण आपण सगळे दंगा करणाऱ्याकडेच पाहत राहतो आणि रडणारे मूल कोपऱ्यात तसेच राहते. अंगात जोर असलेल्या मुलाला धाकट्यांची खरी जबाबदारी द्यावी. पंगतीत वाढणे, सतरंज्या घालणे, लहानांना रांगेत पाणी देणे अशी कामे गणेशोत्सवात पुष्कळ निघतात. आणि स्पर्धांमध्ये पहिल्या तीन नंबरांच्या टाळ्या वाजत असताना उरलेल्या वीस मुलांच्या चेहऱ्यांकडे एकदा पाहावे. लहान गटासाठी तरी नंबर नसलेला कार्यक्रम करून पाहायला काय हरकत आहे?

या सर्वांच्या आधी येते ती आपली स्वतःची वागणूक. कामवाल्या बाईंशी, रिक्षावाल्याशी, दारावर आलेल्या भाजीवाल्याशी आपण कसे बोलतो, हे दिवाणखान्यात खेळणारे मूल ऐकत असते. दादागिरीचा पहिला धडा मूल शाळेत जायच्या आधीच घेऊन जाते, आणि मायेचाही. ताराबाईंनी म्हणूनच मुलांना उपदेश करण्याच्या आधी मोठ्यांना जमिनीवर बसायला शिकवले. मुलाच्या उंचीवरून जग कसे दिसते, हे तिथे बसल्यावाचून कळत नाही.